आगबोटीची खिडकी

फिलाडेल्फियातल्या एका म्युझियममध्ये स्वानंदी जुन्या चित्रांची दुरुस्ती शिकत होती. तिच्यापुढे पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं तैलचित्र होतं. मावळतीची नदी आणि धूर सोडत निघालेली आगबोट. ओल्या कापसाने पिवळं वॉर्निश निघालं, तशी बोटीच्या खिडक्यांमधली सोनेरी चमक लालभडक झाली.

“अंकुर, बघ ना यार. हे दिवे नाहीत. बोटीला आतून आग लागलीये.”

शेजारच्या टेबलावरचा अंकुर उठून आला. “मग ती शेवटची खिडकी काळी का?”

“काजळी असेल. क्लीन करते.”

तिने भिंगातून बघत हलकेच कापूस फिरवला. कापूस पांढराच राहिला. तिने हात मागे घेतला, आणि दोघंही भिंगावर वाकली.

खिडकीच्या काचेवरची काजळी एक चिमुकला तळहात आतून पुसत होता.