कानसेनकाकांची टकटक

आमची गाडी वीस वर्षांची. आत एवढा खडखडाट, की मागे बसलेल्या बाबांना शंभर हाका मारल्या तरी ऐकू जायच्या नाहीत. म्हणून ती गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मेकॅनिककाकांना सगळे कानसेन म्हणतात. त्यांनी दारांची रबरं बदलली, मॅटखाली जाड शीट चिकटवली.

तरी काहीतरी खुळखुळत होतं.

"तू चालव," काका म्हणाले आणि डिकीत आडवे झाले. "आवाज आला की एकदा टक करीन, थांबला की दोनदा."

टक झालं की मी गाडी थांबवायचे. काका आवाजाच्या जागी हात घालून गच्च आवळायचे. तिसऱ्या फेरीला टक टक आलं.

"संपलं एकदाचं!" म्हणत काका गॅरेजपाशी उतरले. डिकी त्यांनीच लावली.

भर दुपारी मी एकटीच घरी निघाले. आत इतकी शांतता, की मी खुशीत गुणगुणायला लागले.

डिकीतून टक.

आरशात पाहिलं. काका गॅरेजच्या दारात हात हलवत उभे होते.

मी गुणगुणणं थांबवलं आणि कान टवकारले.

टक टक.

मला गंमत वाटली. मुद्दाम "काय हो?" म्हटलं.

टक.

गप्प बसले.

टक टक.

गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. श्वास रोखला.

टक टक.

शेवटी श्वास सोडावाच लागला.

टक. या वेळी माझ्याच सीटच्या पाठीवर.