दोनशे चौदा जागा

"तीन हप्ते झाले, न् हा मानूस एक फोल्डर खोलून नाई राह्यला," हेमराजभाऊ कमळाबाईंच्या खुर्चीमागे उभे राहून त्यांच्या कानातच कुरकुरले. "साऱ्या गावाची शीव खिशात घेऊन बसला."

कमळाबाईंनी स्क्रीनवरून नजर हलवली नाही. "राग आला असंन त्याले. अहवालावर तुमचं नाव होतं, त्याचं नाई."

"नाव नाई म्हनून गावाचा दावा बुडवते काय?"

चंद्रपूरच्या त्या छोट्या संस्थेत सगळ्यांना हेच वाटत होतं. भामरागडकडच्या लटारूने तीन वर्षं पायपीट करून आपल्या गावच्या जंगलाच्या हद्दीवरच्या दोनशे चौदा जागा फोनवर नोंदवल्या होत्या. नाले, बेहड्याची जुनी झाडं, देवाचे दगड. नोंदी सगळ्यांच्या फोल्डरमध्ये होत्या. मग एका सकाळी तिथे काहीच नव्हतं. नोंद स्वतःच्या पर्सनल फोल्डरमध्ये ओढली की बाकीच्यांना दिसेनाशी होते, हे लटारूला ठाऊक होतं. ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न त्यानेच विचारला होता, ते सगळ्यांना नेमकं आठवलं.

वनहक्काची सुनावणी सोमवारी होती. जागा दाखवता आल्या नाहीत, तर जंगलावरचा गावाचा दावा फेटाळला जाणार होता.

"तुमाले त्याचा पर्सनल दिसत नाई काय, मॅडम?" मयुरीने विचारलं. ती महिनाभरापूर्वीच रुजू झाली होती.

"नाई. कोनाले आत घ्यायचं न् कोनाले बाहेर काढायचं, एवढंच माया हाती. आत काय ठेवलं ते ज्याचं त्याले."

हे काम कमळाबाई आपलं आपण शिकल्या होत्या. शिवणक्लास बंद करून इथे आल्या तेव्हा माउस कसा धरायचा तेही ठाऊक नव्हतं. आता सगळ्यांच्या चाव्या त्यांच्याकडे. भामरागडकडे पावसाळ्यात ज्या कंपनीचा टॉवर चालेल तिचं सिम लोक घेत. नव्या नंबरावर नवं खातं निघे. जुनी खाती दसऱ्याआधी साफ करायची, हाही कमळाबाईंचाच नेम. घरातली जाळी काढावी तसं त्या एका दुपारी बसून ते उरकायच्या.

"लॉग काय म्हनते?" हेमराजभाऊंनी पुन्हा विचारलं.

"स्पष्ट असं काई नाई म्हनत." कमळाबाईंनी चष्मा पुसला. "मी जाते उद्या त्याच्याकडे."

"तुमी? दिवसभराची एसटी आहे, बाई. कंबर राहीन काय जागेवर?"

"माया शब्द ऐकते तो."

ते खरं होतं. पहिल्या वर्षी लटारूने मोठ्या उत्साहाने ऐंशी फोटो पाठवले होते, आणि ऐंशीच्या ऐंशी त्याच्या अंगठ्याचे होते. कमळाबाईंनी ते गुपचूप काढून टाकले आणि फोन कसा धरायचा ते त्याला पुन्हा शिकवलं. हेमराजभाऊंना आजवर पत्ता नाही.

लटारू अंगणात बसला होता. उजव्या पायाला लुगड्याची चिंधी गुंडाळलेली.

"जोहार, बाई. या."

त्याच्या बायकोने, बुधरीने, कोऱ्या चहाचा पेला जरा जोरातच खाली ठेवला. "आता कायले आले? गावात कोनी याच्यासंगं बोलून नाई राह्यलं. बोरिंगवर बाया मले पाहून तोंड फिरवतेत. चोराची बायको."

"तू चूप राह्य ना वो," लटारू म्हणाला.

कमळाबाईंनी पेला उचलला, पण त्या चहा प्यायल्या नाहीत. "लटारू, सोमवारी सुनावणी आहे."

"माहीत आहे. खोलतो ना, बाई. पन आज नाई. बावीस राह्यल्या."

"काय बावीस?"

त्याने फोन उघडून त्यांच्या हातावर ठेवला. पर्सनल फोल्डर. एकशे ब्याण्णव नोंदी. नाला, बेहडा, देवाचा दगड. एकाही फोटोत अंगठा नव्हता. कमळाबाईंचं बोट खाली खाली सरकत गेलं आणि तारखांपाशी थांबलं. पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सगळ्या तारखा गेल्या तीन आठवड्यांतल्या होत्या.

"फोटो जागेवर उभं राहूनच निघते ना," लटारू ओशाळून म्हणाला. "जागा वहीत लिहून आहेत, पन फोटो वहीतून नाई निघत. पाय सुजला, नाई तं कालच झालं असतं. साऱ्या एकदम टाकून देतो. भरला फोल्डर दिसला का तारखा कोनी पाहत नाई."

बुधरी चुलीकडे तोंड करून उभी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

कमळाबाईंनी पेला हळूच खाली ठेवला. "रेंज कुठी येते?"

"बोरिंगजवळ. काऊन?"

त्या उठल्या. लटारू लंगडत मागे आला. त्याच्या मागे बुधरी. बोरिंगवर पाणी भरणाऱ्या बायांचे हात थांबले. कमळाबाईंनी आपल्या फोनवरून ऑफिसला फोन लावला. घंटी दोनदा वाजली आणि हेमराजभाऊंचा आवाज आला.

"हं बाई, देऊन राह्यला काय चोर?"

"नका, बाई," लटारू अगदी हळू म्हणाला. "माया अंगठ्याचं तुमी कुठी सांगितलं होतं कोनाले?"

कमळाबाईंनी स्पीकर लावला आणि आवाज पूर्ण मोठा केला.

"हेमराजभाऊ, लटारूनं काईच लपवलं नाई. त्याच्या जुन्या नंबराचं खातं मी रिकामं समजून पुसलं, न् त्याच्यासंगं साऱ्या नोंदी गेल्या."