दोघीच

स्कॉटलंडच्या बॅडमिंटन संघाच्या प्रशिक्षकांनी इशबेलला ग्लासगोच्या हॉलमागच्या खोलीत एकटीलाच बोलावलं.

"मॉर्व्हनचा गुडघा कामातून गेलाय. तिला सोड. दुहेरीसाठी तुला तरुण जोडीदार देतो. नाहीतर तूही घरी."

अकरा वर्षं दोघी एकत्र खेळत होत्या. इशबेलनं अंगावरची निळी जर्सी उतरवून टेबलावर ठेवली. "मग ही ठेवा तुमच्याकडे. आम्ही गावच्या क्लबात खेळू, पण दोघीच खेळू."

मॉर्व्हनला यातलं अवाक्षर कळू द्यायचं नाही, असं ठरवून ती जाकीट चढवत बाहेर आली. मॉर्व्हन बॅग भरून दारातच उभी होती.


"चल बये, चहा पाज. काल मला म्हणाले, इशबेलचा खांदा गेलाय, तिला सोड. मी म्हटलं, जा खड्ड्यात!"