कॅलेंडरचा ठराव

“पण ते सर्व्हर म्हणजे ठेवायचं कुठं?” वैजनाथ सरांनी चौथ्यांदा विचारलं आणि फळ्यावर चालणारा धम्मप्रियाचा मार्कर थांबला. फळ्यावर तिनं तीन चौकटी आखल्या होत्या. सकाळी अकरापासून त्यातली एकही पुसली गेली नव्हती.

“सर, ते कुठं ठेवायचं न्हाई. भाड्यानं मिळतं. आपल्याकडं फक्त त्याचा पासवर्ड.”

“भाड्याचं म्हणजे दुसऱ्याचंच की मग.”

निवृत्त झाल्यावर सरांनी नांदेडात हे कर्णबधिरांसाठीचं दुभाषी केंद्र काढलं, त्याबद्दल त्यांना कुणी नावं ठेवणार नाही. पण एखादी शंका त्यांच्या डोक्यात शिरली की जुन्या भाडेकरूसारखी ठाण मांडून बसायची. धम्मप्रियाला मार्कर खिडकीबाहेर भिरकावून द्यावासा वाटला.

केंद्राकडं खुणांची भाषा जाणणारे दुभाषी दोनच, नांदेडला धम्मप्रिया आणि लातूरला रामकिशन. दवाखाना, कोर्ट, बँक, कुठंही कर्णबधिर माणसाचं काम निघालं की दोघांपैकी एकानं जायचं. रामकिशन तारखा वहीत लिहायचा, धम्मप्रिया फोनमध्ये. तीन महिन्यांपूर्वी एकाच सकाळी दोघं निलंग्याच्या तहसीलच्या दारात समोरासमोर आले, एकाच माणसाच्या एकाच कामासाठी. त्याच सकाळी महामाया लातूरच्या एका दवाखान्यात एकटी बसली होती. ही शिवणकाम करणारी बाई, जन्मापासून ऐकू न येणारी. तिचं ऑपरेशन पुढं ढकललं होतं. का ढकललं, हे तिला तीन दिवस कळलं नाही. आपण आता वाचत नाही अशीच तिची समजूत झाली होती.

हे पुन्हा घडू द्यायचं नाही, असं धम्मप्रियानं तेव्हाच ठरवलं. दोघांच्या तारखा एकाच कॅलेंडरात हव्यात, आणि ते कॅलेंडर प्रत्येक कर्णबधिर माणसाला स्वतःच्या फोनवर दिसायला हवं. दुभाषी कधी मोकळा आहे ते त्यांचं त्यांना कळावं. त्यासाठी तिनं दोन महिन्यांचे रविवार घालवून चार सॉफ्टवेअर वापरून पाहिली, एक टाकून दिलं आणि तीन फळ्यावर आणली. आज समितीनं त्यातलं एक निवडायचं होतं. रामकिशन लातूरच्या कोर्टात अडकला होता, त्यामुळं तिची बाजू घ्यायला दुसरं कुणी नव्हतं.

“ताई, मोठ्या कंपनीचं फुकटात मिळून राहिलं,” प्रीतम म्हणाला. तो रेल्वेच्या कचेरीत कारकून आणि केंद्राचा सचिव. “ही पहिली चौकट घ्या न् मोकळे व्हा. कशाला झंझट?”

“आपल्या लोकांची नावं, आजार, कोर्टकचेऱ्या सगळं त्या कंपनीच्या घरी जाऊन पडतं, प्रीतमभाऊ. फुकट हाय म्हणून काहीही देऊन टाकायचं का?”

“मग दुसरी. त्या सॉफ्टवेअर विकणाऱ्या एजंटचं पॅकेज.”

“त्यात माणसामागं वर्गणी. आपली माणसं सव्वाशे. अन् दुभाषी कामात हाय इतकंच दाखवायचं, कुणाच्या कामात ते झाकायचं, ही सोयच न्हाई त्यात.”

“अन् तुमचं ते तिसरं, भाड्याच्या सर्व्हरवरचं, बंद पडलं तर?”

“मी बघते.”

“तुम्ही बाहेरगावी असल्या तर?”

सरांनी चष्मा पुसला. “मी काय म्हणतो, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तारीख टाकली तर?”

धम्मप्रियाचा तोल गेला. “ग्रुपवरच टाकली होती, सर! निलंग्याची तारीख ग्रुपवरच होती. तुमच्या सुप्रभातांच्या ढिगाखाली गेली ती!”

प्रीतमला हसू आवरेना. सरांचा चेहरा पडला. धम्मप्रियाला क्षणभर वाईट वाटलं, पण आता थांबायची तिची तयारी नव्हती. खिडकीजवळच्या खुर्चीवर महामाया बसली होती. समितीवर एक तरी कर्णबधिर माणूस हवाच, हा नियम सरांनीच केला होता. धम्मप्रियानं मार्कर तिच्या दिशेनं रोखला.

“यांच्याकडं बघा. तीन दिवस यांना कुणी काही सांगितलं न्हाई. सगळी माणसं आजूबाजूला बोलून राहिली होती, अन् यांना एक अक्षर कळत नव्हतं. आपल्यावर आली असती अशी पाळी तर?”

सगळे आपल्याकडं बघताहेत म्हटल्यावर महामायानं पदर नीट केला आणि ती हसली.

मग सर हळू आवाजात म्हणाले, “माझं चुकलं, धम्मप्रिया. तिसऱ्याच्या बाजूनं कोण कोण?”

प्रीतमचा हात वर गेला. सरांचा गेला. त्यांच्या मागोमाग महामायाचाही गेला. सरांनी रजिस्टर पुढं ओढून “एकमताने मंजूर” असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. महामायानं आपली सही सावकाश, एकेक अक्षर जपून केली.

धम्मप्रियाला रडू येईल असं वाटत होतं. दोन महिन्यांचा सगळा वैताग त्या एका ओळीनं उतरला होता. तिनं मार्कर टेबलावर ठेवला, खुर्ची ओढून महामायाच्या समोर बसली आणि खुणांनी म्हणाली, “जिंकलो, ताई. दोन तास तुमच्यासाठी भांडले मी.”

महामायानं मान डोलावली.

“भांडण चाललंय ते दिसलं,” तिचे हात म्हणाले. “सगळ्यांनी हात वर केले म्हणून मीही केला. कशासाठी केला, ते आता तरी सांग.”