लाल टॉवेलची खूण

"हलायचं न्हाई, सांगून ठेवते!" शेवंता ट्रॅक्टरवरून ओरडली. पलीकडच्या बांधावर तिचा नवरा एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात लाल टॉवेल धरून उभा होता.

जुन्या ट्रॅक्टरांचं नांगरटीचं प्रात्यक्षिक दरवर्षी व्हायचं. नांगराचा पहिला तास, म्हणजे पहिली चरी, सरळ निघायला समोर खूण लागते आणि तीस वर्षं ती खूण शेवंताच होती. नवरा नांगरायचा, ती लाल लुगड्यात उन्हात उभी राहायची. नुसती मान वळवली तरी तो खेकसायचा, "हलू नगंस!" यंदा अर्धांगानं त्याचा उजवा पाय गेला. "मग ट्रॅक्टर नुसता बघायला ठेवा की," संयोजक म्हणाले. शेवंतानं पदर खोचला आणि हँडल मारलं.

लोखंडी सीट हिसके देत होती, स्टिअरिंग हाताला ओढत होतं. गर्दीतून कुणीतरी हसलं, पण तिनं तिकडं पाहिलंच नाही. टॉवेलवर नजर रोवून ती थेट नवऱ्यापुढं येऊन थांबली आणि मगच तिनं मागं वळून पाहिलं. तास दोरी धरून आखल्यासारखा आला होता. फक्त शेवटाला वीतभर वाकला होता.

"तितं हाललासा तुम्ही."

"म्या? पाय रोवून हुबा हाय सकाळधरनं!"

"पाय न्हाई, हात." तिनं त्याच्या हातातला टॉवेल चाचपला. एक टोक ओलं होतं. "फुडल्या वर्षी दोन टावेल आणा. एक खुणंला, एक डोळं पुसायला."