उरलेला सिलिंडर

येसूबाई अंगणात आली तेव्हा राही पडवीत भात पाखडत बसली होती. तिने वर पाहिलं, पण सूप थांबवलं नाही.

"राही, बाबाजीचा हवेचा दुसरा सिलिंडर तुझ्याकडं हाय म्हणतात."

"हाय."

येसूबाईच्या मागून रघू आला. तो आणि राहीचा नवरा बाबाजी मुंबईच्या गोदीत एकत्र पाणबुडे होते. रघूचे केस खाऱ्या पाण्याने चिकटले होते. काल धक्क्यासमोरच्या खडकावर आपटून महिपतची होडी बुडाली होती. त्याचा आणि येसूबाईचा मुलगा धोंडू केबिनमध्येच राहिला होता. रघू सकाळी खाली जाऊन आला होता.

"केबिनीचं दार वाकलंय, वैनी," तो म्हणाला. "आत धोंडू दिसला. पण दार निघायच्या आधीच माझी हवा संपली. भरायची तर मुंबईच गाठायला हवी. जाऊन येईपर्यंत खाली खेकडे..." येसूबाई शेजारी आहे हे ध्यानात येऊन तो गप्प झाला.

"महिपतकाका कुठं हायत?" राहीने विचारलं.

"गडग्याबाहेर उभे हायत," येसूबाई म्हणाली.

"त्यांना आत बोलवा. त्यांनी मागू दे."

खाडीवरचा धक्का सरकारने बांधलेला, सगळ्यांसाठी. पण महिपत मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. गेल्या वर्षी त्याचं जाळं कुठेतरी फाटलं आणि पाणबुडे जाळी कापतात असं त्याने ठरवून टाकलं. धक्क्याच्या तोंडाशी त्याने साखळी लावली. बाबाजी सुटीवर आला होता. कुणाचा तरी तुटलेला नांगर काढून द्यायचा होता. महिपतच्या माणसांनी त्याला धक्क्यावर पाय ठेवू दिला नाही. मग तो पलीकडच्या काठाला गेला आणि तिथल्या खडकांवरून पाण्यात उतरला. तिथे ओहोटीला ओढ फार.

बाबाजी सापडला तो खाडीच्या मधल्या वाळूवर. अलीकडे रत्नागिरी जिल्हा, पलीकडे रायगड. पंचनामा कुणी करायचा यावर दोन्हीकडचे पोलीस घोळ घालत राहिले आणि बाबाजी उन्हात पडून राहिला. निदान धक्क्यावरच्या शेडखाली तरी आणू द्या, म्हणून राही महिपतच्या दारात गेली होती. त्याने साखळी काढली नव्हती.

महिपत आत आला. अंगणाच्या मध्यावर थांबला.

"दे," तो म्हणाला.

"काय?"

"सिलिंडर."

"कशाला?"

महिपतने येसूबाईकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

"धोंडूला वर काढायचाय," तो म्हणाला.

"रघूभावजी कुठनं उतरणार?"

"धक्क्यावरनं."

"आणि साखळी?"

"काढली."

"कधी?"

राहीने सूप बाजूला ठेवलं आणि ती घरात गेली. बाहेर आली तेव्हा गोणपाटात गुंडाळलेला सिलिंडर तिने पोटाशी धरला होता. ओझ्याने ती मागे झुकली होती. रघू मदतीला धावला. तिने मानेनेच नको म्हटलं. पडवीच्या पायरीवर बसून तिने गोणपाट सोडलं.

"हाच तो," रघू म्हणाला. "मुंबईहून निघायच्या आदल्या दिवशी माझ्यासमोरच भरून घेतला त्याने."

"ठाऊक हाय," राही म्हणाली. तिने सिलिंडर दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरला, त्याचं तोंड अंगणाकडे वळवलं आणि चावी फिरवली.

सुटलेल्या हवेच्या आवाजाने कोंबड्या दगडी गडग्यावरून पलीकडे उडाल्या. पडवीतला कोंडा उठला आणि अंगणभर पसरला.

"वैनी, काय करता!" रघूने हात पुढे केला. पण राहीने सिलिंडरला दोन्ही हातांनी मिठी मारली होती, आणि मित्राच्या बायकोच्या अंगाला झोंबणं त्याला जमेना. त्याचा हात तसाच राहिला.

महिपत खाली बसला. आधी उकिडवा, मग जमिनीवर. त्याची टोपी पडली. त्याने हात जोडले. त्याचे ओठ हलत होते, पण त्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. राही त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. वाळूवर बसून नवऱ्याच्या अंगावरच्या माशा हाकलताना तिला महिपतचं तोंड असंच बघायचं होतं. तिने चावी आणखी फिरवली.

चावीचं पितळ गार पडत गेलं. त्यावर दव धरलं. तिची बोटं बधिर झाली, तरी तिने ती काढली नाहीत. हळूहळू आवाज बारीक झाला. शिट्टीसारखा झाला. मग थांबला.

कोंडा खाली बसला. महिपत उठला आणि टोपी न उचलता बाहेर गेला. खाडीकडे न वळता तो भलत्याच वाटेला लागलेला बघून रघू त्याच्यामागे धावला.

येसूबाई जागची हलली नव्हती. तिच्या केसांत, पापण्यांवर कोंडा बसला होता. ती पायरीपर्यंत आली आणि तिने सिलिंडरवर तळहात टेकला.

"एवढीच हवा होती?" तिने विचारलं.

राहीने खाली वाकून सिलिंडरच्या तोंडाला कान लावला.