दरीतून आलेली हाक

शहरातून रोज नव्या पाहुण्यांची बस यायची आणि संध्याकाळच्या आत परत फिरायची. दरीच्या कठड्यापाशी गाइडकाका सगळ्यांना नुसतं “ओऽऽ” करायला लावायचे. शब्द नकोत, म्हणायचे.

कारण दरीतून परत यायचा तो आवाज उद्याच्या पाहुण्यांचा असायचा; रोज नुसतं “ओऽऽ”च असलं की फरक कुणाच्या लक्षात येत नसे. एकदा दरीतून खोकल्याचा आवाज आला होता. दुसऱ्या दिवशी अगदी तसेच खोकत एक आजोबा बसमधून उतरले. उद्याचं कळून करायचंय काय, म्हणून काकांनी बायकोजवळही कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

आज सगळे ओरडले. दरी बराच वेळ गप्प होती. मग घाबरेघुबरे, एकमेकांत मिसळलेले चाळीस आवाज आले.

“गाइडकाका! अहो काका! कुठे आहात?”

काकांनी कठडा घट्ट धरला.

“तुम्हालाच बोलावताहेत,” शेजारी उभ्या असलेल्या एक पाहुण्या बाई हसून म्हणाल्या. “ओ द्या की!”